निशाण्यामागचे तीन गुंठे

टॅम्पिनीस, सिंगापूर
१९ फेब्रुवारी २०१७

चि. अर्जुन,

बेबीआक्काचा जय भीम.

पाकिटावरचं अक्षर अनोळखी दिसलं म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. अक्षर माझ्या सुनेचं, स्मिताचं आहे. शब्द माझे. मी बोलते, ती लिहिते, आणि मध्येच पेन थांबवून म्हणते, "आई, हे लिहायलाच हवं का?" लिहायलाच हवं. मला अक्षर येत नाही यात थोडा तुझाही वाटा आहे. तू लहान असताना तुला कडेवर घेऊन फिरायचं काम माझं. दोन्ही हात तुझ्याखाली, पाटी कुठं धरणार? तेव्हा आज जरा वाचायची तसदी घे. फौजेत पत्राची वाट बघितलेला माणूस तू, न वाचता फाडणार नाहीस एवढं मला ठाऊक आहे.

अडीच वर्षांनी बहीण पत्र पाठवते म्हणजे काहीतरी कारण असणार, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण आनंदाचं आहे. आपल्या आळीची शेवंता फोनवर म्हणाली, सुभेदारसाहेब माळावर बंदुकीची रेंज काढतायत. उघड्यावरची. पुण्याहून गाड्या येणार, शनिवार-रविवार माणसं निशाणं मारणार, आणि तू टोपी घालून त्यांना शिकवणार. परवानगीचं बाकी सगळं होत आलंय, गावाचा ना-हरकत दाखला तेवढा राहिलाय, तो एक मेच्या ग्रामसभेत मिळणार. सरपंच निशिकांतराव तुझ्याच बाजूचे, म्हणजे मिळाल्यातच जमा.

अभिनंदन.

एकच शंका आली. बाईमाणूस, अडाणी, राहून राहून शंका येतात. बंदुकीला आवाज असतो का रे?

तुला आठवत नसेल, मोठ्या माणसांना लहान गोष्टी आठवत नाहीत. अडीच वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तू छातीवर पदकं लावून उभा राहिलास आणि म्हणालास, "आमच्या बहिणीच्या मिरची कांडपाचा आवाज गावाला सहन होत नाही. मिरचीच्या खाटानं म्हातारी माणसं खोकतात. नियम म्हणजे नियम, मग तो बहिणीला का असेना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कसा निःस्पृह माणूस! मीही भिंतीला टेकून बसले होते. माझ्याही हाताला टाळीची सवय, दोन वाजून गेल्या, मग कळलं कुणासाठी वाजवतेय.

ते कांडप ह्यांनी जाण्याआधी घेतलेलं. अकरा वर्षं मी ते चालवलं. सुरुवातीला वरच्या आळीच्या बायका लांबून बघायच्या, आपल्या वस्तीतल्या यंत्रात मिरची कशी घालायची म्हणून. मग माझ्या काळ्या मसाल्याचा वास त्यांच्या आळीपर्यंत गेला, आणि वासानं काम केलं. पुढं पुढं त्या माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायला लागल्या. तू ते बंद पाडलंस. यंत्रावर ताडपत्री पडली, आणि माझा लेक प्रफुल्ल मला इकडं घेऊन आला. माझ्या पासावर इथं 'व्हिजिट' असं लिहिलंय म्हणे. पाहुणी. अडीच वर्षं व्हायला आली तरी पाहुणी.

असो. मी राग वगैरे धरलेला नाही. राणीला, तुझ्या बायकोला, आशीर्वाद.

तुझी आक्का

---

टॅम्पिनीस
१२ मार्च २०१७

चि. अर्जुन,

तुझं उत्तर नाही. राणीचा फोन मात्र आला होता. "आक्का, पत्र आल्यापासून हे जेवत नाहीत नीट," म्हणाली. अगं, जेवत नसेल तर ताट झाकून ठेव म्हटलं, त्यात मी सिंगापूरहून काय करू?

इथली एक गंमत सांगते. सकाळी मी स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात ठेचा कुटते. एक दिवस दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे टॅन अंकल. माझ्याएवढेच म्हातारे, अर्ध्या चड्डीत. म्हणाले, "आंटी, एव्हरी मॉर्निंग टोक टोक टोक लाह! माय सीलिंग!" स्मिता शरमेनं लाल. मी त्यांना बसवलं, भाकरीच्या तुकड्यावर ठेचा दिला. त्यांना असा ठसका लागला की स्मिता पाणी घेऊन धावली. डोळे पुसत हसले आणि म्हणाले, नऊ वाजल्यानंतर कुटा, तेव्हा मी बाजारात असतो. आता नऊनंतर कुटते, आणि त्यांची डबी वेगळी भरते.

बघ, परका माणूस, भाषा येत नाही. जिना चढून वर आला आणि तोंडावर बोलला. सरकारात नाही गेला. तुझं घर आणि माझं कांडप यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड होतं फक्त.

त्या दिवशी मी प्रफुल्लला विचारलं, इथं कुणी कुठं किती आवाज करायचा ते ठरवतं कोण? त्यानं कॉम्प्युटरवर नकाशा काढला. सगळ्या बेटाला रंग दिलेत, अर्जुन! राहायची जागा एका रंगाची, कारखान्यांची दुसऱ्या, झाडांची तिसऱ्या. मी म्हटलं, "बंदुका कुठं?" तो म्हणाला, "त्यांची जागा वेगळीच राखून ठेवलेली, आई. गोळी जाते त्या बाजूला माणूस राहतच नाही." मला अक्षर येत नाही, रंग येतात. मी किती वेळ बघत बसले. मग म्हटलं, "आता आपल्या गावचा काढ."

आपल्या गावाचा नकाशा एवढा देखणा नाही. पण माळ त्यावर हिरवा आहे. तुझी जमीन, आणि तिला लागून, टेकडीच्या अलीकडे, माझे तीन गुंठे. बाबांनी मला दिलेले. तू ज्या बाजूला निशाण्यांच्या पाट्या लावणार, बरोब्बर त्यांच्या मागे. शेवंता जाऊन उभी राहून आली. म्हणाली, "आक्का, पाटीला भोक पडलं तर त्यातून तुमचं बोरीचं झाड दिसेल."

तर आता कामाचं. तू जो ठराव करून घेतलास त्याचे शब्द मला पाठ आहेत, कारण ते ऐकल्यावर मला बरेच दिवस झोप नव्हती: "कांडप वस्तीपासून पाचशे मीटर लांब, माळाच्या अंगाला न्यावे, तेथे ग्रामपंचायतीची हरकत राहणार नाही." तुझं ऐकते आहे. उशीर झाला खरा, पण ऐकते आहे. कांडप माळावर नेते. माझ्या तीन गुंठ्यांत. पत्र्याची शेड, एक ओटा, बायकांना सावलीला बसायला मांडव. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांचा राबता.

तू फौजी. गोळीच्या वाटेत किती लांबपर्यंत माणूस चालत नाही, ते तुला मी सांगायला नको. गावाचा ठराव आहे, तूच मांडलेला, तूच मंजूर करून घेतलेला. मोडणार कसा? आणि आवाजाची हरकत घेतलीस तर बंदुकीचं काय करशील? मी सगळ्या बाजूंनी विचार केला, मला वाट दिसली नाही. तुला दिसली तर कळव.

तुझी आक्का

---

टॅम्पिनीस
१६ एप्रिल २०१७

चि. अर्जुन,

तुझं पत्र मिळालं. स्मितानं वाचलं. तिला वाटलं पहिलं पान कुठंतरी पडलं, म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. तेवढंच होतं: "आक्का, हा पोरखेळ थांबव. माझं आयुष्य पणाला लागलंय."

तुझं लागलंय. माझं काय, ताडपत्रीखाली होतं, धूळ लागायची भीती नव्हती.

(इथं आईंनी एक शिवी दिली. ती मी लिहिलेली नाही, मामा. — स्मिता)

परवा जयंतीला इथं एका हॉलमध्ये आपली माणसं जमली होती. नागपूरची, पुण्याची, सगळी शिकलेली, पोरं इंग्रजीत भाषणं करणारी. वंदना झाली, भात आणि वरण झालं. मी मात्र कोपऱ्यात बसून मोबाइलवर गाव बघत होते. शेवंतानं विहाराच्या अंगणातून दाखवलं. आपल्या आळीच्या सगळ्या होत्या, आणि वरच्या आळीच्या चारजणीही पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या. तिथंच बोलणं झालं. कांडप बंद झाल्यापासून त्या मिरच्या घेऊन तालुक्याला जातात. दिवस मोडतो, एसटीत मिरचीच्या पिशवीवरून भांडणं होतात, आणि तिथला माणूस मसाल्यात कोंडा घालतो म्हणे. एकजण म्हणाली, "आक्का, तुमच्या हाताचा मसाला खाल्ला नाही तेव्हापासून आमच्या घरात जावई बोलत नाही." मी म्हटलं, मग बरंच आहे की.

आता तुझी चूक सांगते, फुकट. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. तुम्ही ती कशी घेता? शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो, बायका चुलीपुढून उठून सही नाहीतर अंगठा देतात, की झाली महिला सभा. मीही दिलेत ना अंगठे, कशावर ते न विचारता. या खेपेलाही तू निशिकांतरावांना म्हणालास म्हणे, "बायकांचं घरोघरी उरकून घ्या." शिपाई गेला होता. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं: "आम्ही सभेलाच येतो." बिचारा सगळ्या गावात फिरला आणि कोरं रजिस्टर घेऊन परत आला. तीस तारखेला त्या पंचायतीत सतरंजी टाकून बसणार आहेत. चहा पंचायतीनं द्यायचा असतो, एवढं निशिकांतरावांना आठवण कर.

मला सगळं ठाऊक आहे, अर्जुन. मी काही दगड नाही. फौजेतून आल्यावर पुण्याला मॉलच्या दारात तुला गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघायला उभं केलं, पोरासोरांनी "ए काका, पटकन" म्हटलं, ते मला राणीनं सांगितलं होतं. त्या रेंजवर तुला पुन्हा कुणीतरी 'सर' म्हणणार आहे, हेही मला कळतं. मला वाईट वाटलं होतं. अजून वाटतं. पण थांबवण्याइतकं नाही.

आक्का

---

टॅम्पिनीस
२३ एप्रिल २०१७

अर्जुन,

हे पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून प्रफुल्ल याचा फोटो काढून राणीच्या मोबाइलवर पाठवतोय. त्याला हे आवडलेलं नाही. "मामाला किती पिळणार आहेस, आई?" म्हणाला. मी म्हटलं, कपडा किती ओला आहे त्यावर.

राणी काल फोनवर रडली. मग म्हणाली, तू तयार आहेस. कांडप गावात जुन्या जागी पुन्हा सुरू होऊ दे, तू स्वतः आधीचा ठराव रद्द करायला सांगशील, फक्त माळ तेवढा मी सोडावा. तुझ्यासारख्या माणसानं एवढं वाकणं म्हणजे कमरेला किती त्रास झाला असेल!

मला मान्य आहे. पण नुसतं 'ठराव रद्द करा' नको. ज्या सभेत उभा राहून खोटं बोललास, त्याच सभेत उभा राहून खरं बोल. कांडप का बंद पाडलंस ते. मला कारण माहीत नाही असं समजू नकोस. ते मला ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी कळलं होतं. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, गावासमोर, माइकवर. शेवंता मोबाइल हातात धरून बसेल.

तू हे बोललास, तर कांडप मी माळावर नेणार नाही. माझे तीन गुंठे मोकळे राहतील, बोरीशिवाय तिथं काही नसेल. एवढं मी कबूल करते. यापेक्षा एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. स्मिता, हे दोनदा वाचून दाखव मला. हं. ठीक आहे.

आक्का

---

टॅम्पिनीस
४ मे २०१७

चि. अर्जुन,

ऐकलं.

प्रफुल्ल कामगार दिनाच्या सुट्टीमुळे घरीच होता. मोबाइल टेबलावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही तिघं भोवती बसलो. आधी निशिकांतरावांचं भाषण, मग पाण्याच्या टाकीवरून भांडण, मग तू. माइक करकरला. तू घसा खाकरलास. तो खाकरा मी गर्दीत ओळखला असता.

तू म्हणालास, "कांडपाच्या आवाजाचा मला कधीच त्रास नव्हता. खाटाचाही नव्हता. मी सुट्टीवर आलो की एसटी स्टँडवर माणसं म्हणायची, हा कोण, तर कांडपवालीचा भाऊ. सुभेदार झालो तरी कांडपवालीचा भाऊच. मला लाज वाटायची. म्हणून मी ते बंद पाडलं."

टाळी कुणी वाजवली नाही. स्मितानं पदर डोळ्याला लावला, तिला सवय आहे. मी लावला नाही. मी ते शब्द सावकाश ऐकत होते, उन्हातून आल्यावर पाणी पितात तसे. तीन वर्षं मला वाटायचं, कारण कळलेलंच आहे, ऐकून वेगळं काय होणार? वेगळं झालं, अर्जुन. छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचललं.

मग निशिकांतराव म्हणाले, "बरं. कांडप जुन्या जागी, एकमतानं मंजूर. महिला सभेनंही कालच तसं ठरवलंय. आता पुढचा विषय, रेंजचा ना-हरकत दाखला." आणि तू खाली बसलास, काम झालं म्हणून.

शेवंता उठली. तिचा आवाज मोबाइलला इतका जवळ होता की प्रफुल्लनं कान मागं घेतला. म्हणाली, "सुभेदारसाहेब, आत्ता तुम्हीच सांगितलंत, आवाज नव्हता तरी आवाजाचं नाव करून आमचं कांडप बंद ठेवलंत. मग आता खरोखरचा आवाज आणताय, तो आम्ही कुठल्या तोंडानं चालू देऊ? आमची शेरडं माळावर, आमचं सरपण माळावर. तुमच्या कारणानं कांडप बंद होत असेल, तर तुमच्याच कारणानं रेंज तर दहादा बंद व्हायला पाहिजे."

वरच्या आळीची एक म्हणाली, "अगदी." मग सगळ्याच बोलायला लागल्या.

तू ओरडलास, "आक्कानं शब्द दिलाय मला!"

शेवंतानं मोबाइल वर धरला. "आक्का, दिला होता का हो?"

मी म्हणाले, "कांडप माळावर नेणार नाही, असा दिला होता. नेत नाहीये. बायकांनी हात वर करायचे की खाली ठेवायचे, ते मी इतक्या लांबून कसं सांगणार? मी तर इथं पाहुणी आहे."

हसणं ऐकलंस ना? ते तुला हसले नाहीत, मला हसले. पण हात वर गेले ते तुझ्या विरोधात. बायकांचे आधी, मग त्यांच्याकडं बघून पुरुषांचे. दाखला नाही. निशिकांतराव दोनदा मोजा म्हणाले. दोन्ही वेळेला नाही.

आता तू विचारशील, तुला हे आधीपासून ठाऊक होतं का? होतं. ज्या क्षणी खरं कारण तुझ्या तोंडातून बाहेर पडेल, त्या क्षणी तुझ्या रेंजला काही आधार राहणार नाही, हे मला मार्चमध्येच दिसत होतं. माळावरची शेड मला बांधायचीच नव्हती. एवढ्या उन्हात, एवढ्या लांब, मिरच्यांची ओझी घेऊन कोण आलं असतं? बायकांनी मलाच शिव्या दिल्या असत्या. ती शेड तुला हुसकून बाहेर काढण्यापुरती होती. तू फौजेत काय शिकलास मला माहीत नाही. मी चुलीपाशी बसून एवढं शिकले.

स्मिता विचारतेय, "आई, एवढं सगळं लिहायलाच हवं का? जिंकलात ना?" हवं. त्याला कळायला हवं की हे आपोआप झालेलं नाही.

राणीनंही विचारलं, "आक्का, आता तरी मन भरलं का?" तिला सांग, भरलं. अगदी काठोकाठ. वाईट वाटतं का? वाटतं, मागं पत्रात सांगितलं तेवढंच. पुण्याच्या माणसांनी तुला 'सर' म्हटलं असतं, ते राहिलं. गावात आता तुला पुन्हा कांडपवालीचा भाऊ म्हणतील. या खेपेला ती लाज वाटून घ्यायची की नाही, ते तुझं तू बघ.

मी येतेय. प्रफुल्लनं तिकीट काढलंय, पावसाच्या आत. टॅन अंकलना सांगितलं तर म्हणाले, "आंटी, हू विल मेक द चिली?" त्यांना ठेच्याची मोठी बरणी भरून ठेवतेय. शेवंतानं यंत्रावरची ताडपत्री काढून पट्टा बदलून घेतलाय. उशीर झालाय हंगामाला, तरी गावाची मिरची अजून वाळतेच आहे म्हणे.

तुमच्या घरची मिरची राणीच्या हाती पाठवू नकोस. तू घेऊन ये. दिवसाढवळ्या, एसटी स्टँडवरून, डोक्यावर पाटी घेऊन. कुणी विचारलं कुठं निघालात सुभेदार, तर थांबून सांग.

मी दारातच बसलेली असेन. हसणार नाही, असं मात्र मी कबूल करत नाही.

तुझी आक्का